सावडीतला पूर्ण हात

आबा,

न्हाणीघरातला नळीचा दांडा, तुमच्या डाव्या खांद्याच्या उंचीला. खाटेखालचे चार सागवानी ठोकळे, गुडघा न मोडता उठता यावं म्हणून. ओट्याच्या दोन पायऱ्यांच्या मध्ये बसवलेली अर्ध्या उंचीची तिसरी पायरी. चष्मा, तंबाखूची डबी आणि बॅटरी ठेवायला खाटेच्या कडेला अडकवलेली पत्र्याची पेटी, कडा आत दुमडलेल्या, म्हणजे बोट कापायला नको. काठीच्या टोकाचं रबर, ट्रकच्या टायरमधून कापलेलं, कारण बाजारातलं लगेच झिजायचं. आणि सगळ्यांत शेवटी तो बुटका पाट.

तुमच्यासाठी मी माझ्या हातांनी केलेल्या वस्तू एवढ्या. एकीलाही तुम्ही चांगलं म्हणाला नाहीत, हेही इथेच लिहून टाकतो.

आज रविवार. लोणावळ्याचं आपलं वर्कशॉप, शटर अर्धं खाली. वाडीवरची भाताची आवणी उरकून आलोय, अजून नखांतला चिखल गेलेला नाही. मघाशी एक फोन आला आणि मी शेवटचं नाही सांगून टाकलं. असं काही झालं की मी आतल्या खोलीत येऊन आधी तुम्हाला सांगायचो. आजही उठलो, दारापर्यंत गेलो, खाट रिकामी. सुनीता म्हणाली, "लिहून काढा आता, नाहीतर मलाच तीनदा ऐकवाल." तुमची सून चुकीचं बोलत नाही, हे तुमचंच मत. म्हणून लिहितो.

पण सुरुवातीपासून लिहितो. अधलंमधलं सांगितलं की तुम्ही "मागं जा" म्हणायचात.

गुडघे गेले तेव्हा मी तुम्हाला वाडीवरून इथे आणलं. आंदर मावळातली ती वाडी, दिवसाला दोन एसट्या, त्यातली एक येईलच याची खात्री नाही. तिथे एकट्या माणसाला ठेवायचं कसं? घर तुमच्या मापाचं करून घेतलं. माप मी स्वतः घेतलं, तुम्ही झोपल्यावर. कुठल्याही दुकानात मिळालं नसतं असं घर केलं, आबा, हे मी आजही छाती पुढे काढून सांगतो.

आणि तुम्ही काय म्हणालात? "समदं हाताशी हाय. मंग हातानं करू काय?"

मग तुम्ही फाटकाशी खुर्ची टाकून बसायला लागलात. पॉइंटकडे जाणारे पर्यटक रस्ता विचारायचे. मुंडासं बघून एका पोरीनं विचारलं, "आजोबा, एक फोटो?" तुम्ही म्हणालात, "काढ की. पर त्ये वेल्डिंगच्या सळयांचं बंडल आत न्यायचं हाय, एक टोक धर आधी." तिनं धरलं बिचारीनं. तिच्या पांढऱ्या कपड्यांना गंज लागला आणि मी माफी मागत बसलो. तुम्ही मात्र त्या दिवशी दोन भाकरी जास्त खाल्ल्यात.

तेव्हाच तुंगार्लीच्या मॅडमचं काम निघालं. पुण्याच्या कॉलेजात समाजशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, बंगल्यात एकट्या. त्यांच्या न्हाणीघरातही मी दांडे बसवले. काम बघून त्यांनी विचारलं, "हे कुठं शिकलात?" म्हटलं, कुठंच नाही. वेल्डिंग बघून शिकलो आणि इंग्रजी मशीनच्या कॅटलॉगवरून. त्यांनी कपाटातलं एक पुस्तक काढून दिलं, म्हातारपण आणि समाज या विषयावरचं. डिक्शनरी शेजारी ठेवून मी ते पावसाळाभर वाचलं आणि जेवताना तुम्हाला सांगत गेलो. आठवतं?

पहिल्या सिद्धांताला तर तुम्ही घासही पुढे जाऊ दिला नाहीत. मी सांगितलं, काही अभ्यासक म्हणत की माणूस म्हातारा झाला की हळूहळू जगातून हात काढून घेतो आणि जगही त्याला मोकळं करतं. हे दोघांच्या संमतीनं होतं आणि दोघांच्या भल्याचं असतं.

"दोघांच्या?" तुम्ही विचारलंत. "माजी संमती कुनी घेतली? मी कुटं अंगठा दिला?"

मॅडमना हे सांगितलं तर त्या कितीतरी वेळ हसल्या. म्हणाल्या, "अगदी हाच आक्षेप पुढं घेतला गेला. आपण बाजूला होत नाही, आपल्याला बाजूला केलं जातं, असं." घरी येऊन तुम्हाला कौतुकानं सांगितलं तर म्हणालात, "मंग इचारायला यायचं व्हतं आंदर मावळात. येळ वाचला असता."

दुसरा सिद्धांत त्याच्या उलटा. म्हाताऱ्यानं कामात राहावं, गुंतलेलं राहावं, म्हणजे मन चांगलं राहतं. मला तो पटला होता. दुसऱ्याच दिवशी मी तुमच्यापुढे नट-बोल्टांचा डबा ठेवला, मापानुसार वेगळे करायला. तुम्ही केलेत. संध्याकाळी विचारलंत, "उद्या हे पुन्ना मिसळशील ना? म्हंजी पुन्ना निवडाया व्हतील." मी डबा उचलून आत नेला. मिसळणारच होतो.

तिसऱ्याचं तेवढं तुम्ही नीट ऐकून घेतलंत. माणूस जन्मभर जसा असतो तसाच पुढेही राहू बघतो. अंगाला झेपेल तसा बदल करून, पण स्वतःचीच वाट धरून. तुम्ही भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. "ह्यो शाना दिसतुय," म्हणालात. "आवणी कदी हाय रं?"

इथून सगळं सुरू झालं.

आपल्या वाडीत आवणीला मजूर लावत नाहीत, सावड चालते. घरटी एक हात. ज्याच्या घरचा हात दुसऱ्याच्या भातखाचरात राबला, त्याच्या खाचरात सगळी वाडी राबते. तुम्ही लोणावळ्याला आल्यापासून आपल्या घराचा हात नव्हता. मी म्हटलं, माणूस पाठवतो, मजुरी मी देतो. तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत, जसं काही मी बारशाला माझ्याऐवजी माणूस पाठवत होतो.

"आमी जातो," म्हणालात. "वाकाया येत न्हाई, पर बसून रोप उपटाया काय हरकत?"

हरकत चिखलाची होती. रोपं वाढवतात त्या राबाच्या वाफ्यात घोट्याएवढं पाणी, खाली लोण्यासारखा गाळ. तिथे उकिडवं बसावं लागतं आणि तुमचे गुडघे नेमके तेच करत नव्हते. मग मी पाट केला. पहिला चार पायांचा, पाइपचे पाय, वरती फळी. तुम्ही उलटासुलटा करून बघितला. "बाळंतिनीचा पाट केलास व्हय?"

वाडीवर नेला, तुम्ही बसलात आणि चारही पाय गाळात गेले. तुम्ही कमरेपर्यंत खाली. हिरामावशी शेजारच्या वाफ्यात होत्या, त्यांनी मान वर करून शांतपणे विचारलं, "दत्ता, बापाला पेरलास का रं?" अख्खी वाडी हसली. माझ्या पंचवीस वर्षांच्या कामावर असं कुणी हसलं नव्हतं.

दुसरा पाट केला तेव्हा पाय काढूनच टाकले. निळा ड्रम उभा चिरला, त्याचा तुकडा तळाला घेतला, दोन्ही टोकांना वर वळलेला, होडीसारखा. त्यावर फळी, उंची तुमच्या पोटरीच्या निम्मी. पुढे सरकायचं तर ओढायला दोरी, उजव्या बाजूला भोक पाडून ओवलेली. गाळावरून तो असा सरकला की मलाच आश्चर्य वाटलं. तुम्ही दुपारपर्यंत उपटत होतात, मुळांचा चिखल पाण्यात खळखळून जुड्या बांधत होतात. मी विचारलं, "कसा आहे?"

"दोरी डाव्या हाताला पायजे."

मी समजावलं की बहुतेक माणसं उजव्या हाताची असतात, आणि मोजमापाचं मला कळतं. तुम्ही पुढची जुडी बांधायला घेतलीत. पण दर वर्षी एकदा तरी ते वाक्य यायचंच.

त्या दिवशी घरी निघायची घाई केली तर तुम्ही पाटावरून हललाच नाहीत. खाचराकडे हात करून म्हणालात, "थांब. माज्या जुडीसाठी तितं मानसं हुबी हाईत." नट-बोल्टांच्या डब्यात जे नव्हतं ते हेच होतं का, आबा? पुस्तकात मी ते शोधलं. इतक्या साध्या शब्दांत सापडलं नाही.

पुढच्या वर्षी हिरामावशींनी स्वतःहून मागितला. "मला बी पेर," म्हणाल्या. मग कोंडीभाऊंनी. करता करता सहा पाट झाले. ओट्यावर बसून लावणी लांबून बघणारी माणसं पुन्हा वाफ्यात उतरली आणि सावडीत त्यांचा हात धरला जाऊ लागला. अर्धा नाही, पूर्ण.

गेल्या मार्गशीर्षात, भात झोडून झाल्यावर, तुम्ही गेलात. झोपेत गेलात. कुणाला त्रास दिला नाहीत, फक्त सांगून गेला नाहीत. एवढी एक तक्रार आहे माझी.

आता यंदाचं.

आवणीच्या आधी देवळात सावडीची बैठक बसली. आपल्या घराचा हात म्हणून मी गेलो. विकास उठला, कोंडीभाऊंचा पुतण्या, तळेगावकडच्या कारखान्यात लाइनवर आहे. त्याचं म्हणणं सरळ होतं. "आमी रजा टाकून येतो, दिसभर कंबर मोडून लावतो. म्हातारी मानसं बसून उपटत्यात. दोन्ही हात सारकेच कसे? आनि कोन चिखलात पडलं तर दवाखान्यात नेनार कोन? मीच ना? म्हाताऱ्यांचा अर्दा हात धरा."

त्याला वाईट कसं म्हणू? खरंच तोच नेणार होता. पण हिरामावशींचं काय? मुलगा पिंपरीत, तो येत नाही. घरात त्या एकट्या आणि खाचरं दोन. अर्धा हात धरला तर वाडी त्यांच्या एकाच खाचरात उतरणार. दुसरं लावायला मजूर आणायचे तर कशातून? ते पडीकच राहणार. आणि खाचर एकदा पडलं की ते विकत घ्यायला लोक तयारच असतात, तुम्हाला माहीत आहे.

मी उठलो. तीनही सिद्धांत मांडले, माझ्या मते मुद्देसूद. कोंडीभाऊंचा डोळा लागला. दोघं मोबाइलमध्ये गेले. हिरामावशी म्हणाल्या, "दत्ता, पुस्तकाचं ऱ्हाऊ दे. विकास, आवनीला बघ आनि मंग ठरीव. आमच्या जुड्या कमी पडून तुमची मानसं नुसती हुबी ऱ्हायली, तर धर आमाला अर्दं."

विकास म्हणाला, "कबूल." पहिला दिवस त्याच्याच खाचराचा ठरला, गुरुवार.

आणि तोच गुरुवार मला दुसऱ्यानंही मागितला होता. सोमाटण्याच्या पुढे निवृत्त लोकांसाठी नवी वसाहत उभी राहिलीय. त्यांच्या मॅनेजर बाईंनी कुठंतरी पाटाचा व्हिडिओ बघितला आणि वर्कशॉपवर आल्या. वागायला चांगल्या, घाईत असलेल्या. त्यांना चाळीस पाट हवे होते. बागेत छोटं खाचर करणार, तिथले रहिवासी रोपं उपटणार. उद्घाटन गुरुवारी, त्याला मी वाडीसाठी केलेले सहाही पाट घेऊन यायचं, आमच्या म्हाताऱ्या माणसांनी करून दाखवायचं. आणि लिहून द्यायचं की यापुढे असा पाट मी दुसऱ्या कुणालाही करून देणार नाही.

मी विचारलं, "उपटलेलं रोप लावणार कुठं?"

त्या म्हणाल्या, "ते नंतर गार्डनवाले बघतील."

विचार करून सांगतो, म्हणालो. रक्कम मोठी होती, आबा. वर्कशॉपला नवं पत्र्याचं छत लागतंय, हे तुम्ही खाटेवर पडल्या पडल्या रोज मला सांगायचात.

गुरुवारी मी सहाही पाट टेम्पोत टाकले आणि वाडीवर गेलो. एक तुमचा होता. त्यावर बसायला कुणी नव्हतं, तरी नेला. बांधावर ठेवला, जादाचा म्हणून.

मी लावायला उतरलो. किती वर्षांनी वाकलो विचारू नका. माझी ओळ बघून पलीकडची वहिनी म्हणाली, "दत्ताभावजींनी पट्टी लावूनच रोप लावलंय बगा. पर असंच चाललं तर दिवाळी हितंच." ओळ सरळ होती, एवढं मात्र खरं.

वाफ्यात मावशी, कोंडीभाऊ आणि बाकीची तिघं. जुड्या येत होत्या, भराभर. दुपार झाली आणि कोंडीभाऊंच्या पोटरीत गोळा आला. दोघांनी त्यांना बांधावर बसवलं, त्यांची पोटरी चोळायला एक जण थांबला. इकडे जुड्या संपल्या. आमची ओळ चिखलात सरळ उभी राहिली, हात रिकामे. ठरल्याप्रमाणे बघितलं तर आम्ही हरलो होतो. मावशींनी मान वर केली नाही, उपटत राहिल्या.

विकासला नुसतं उभं राहणं जमत नाही, तो तुमच्यासारखाच. पाय आपटत वाफ्याकडे गेला. वाकून चार मुठी उपटल्या, कंबरेला हात लावला, इकडेतिकडे बघितलं. बांधावरचा तुमचा पाट ओढला आणि त्यावर बसला.

मग तो उठेचना. उपटतोय, खळखळून धुतोय, बांधतोय, सरकतोय. जुड्यांचा ढीग झाला. ओळीतून कुणीतरी हाक मारली, "विकास, आल्या जुड्या, चल की."

"थांब रं जरा," तो म्हणाला. "लाइनवर आठ-आठ तास हुबं ऱ्हाऊन कंबर गेलीया. हितं बरं वाटतंय."

हिरामावशी पहिल्यांदा त्याच्याकडे वळल्या. हातातली जुडी बांधून पूर्ण केली आणि मग म्हणाल्या, "बस की, लेकरा. पर आता बसून उपटतूयास, तर आज तुजा हात अर्दा धरू का?"

ओळीत जे हसू फुटलं ते कोंडीभाऊंपर्यंत गेलं, पोटरी धरून तेही हसले. विकासचे कान लाल झाले. तो पाट थोडा पुढे ओढायला गेला, दोरी चाचपली आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "दत्तादादा, दोरी डावीकडं पायजे व्हती. उजव्या हातात रोप असतंय ना."

तुम्ही त्याला शिकवून गेला होतात का, आबा?

संध्याकाळी देवळात हात मोजायला विकासच उभा राहिला. एकेक घर घेत गेला. हिरामावशींच्या घरापाशी आला, थांबला नाही, आवाजही बदलला नाही. "हिरामावशी, एक," म्हणाला आणि पुढच्या घराकडे गेला. दुसऱ्या दिवशी वाडी त्यांच्या दोन्ही खाचरांत उतरली. मीही होतो. त्यांच्या बांधावर बसून नाचणीची भाकर खाताना त्यांनी विचारलं, "आबाचा पाट पुडच्या साली आननार न्हवं?" मी म्हटलं, आणणार. "मंग झालं," म्हणाल्या.

मघाचा फोन त्याच मॅनेजर बाईंचा. उद्घाटन होऊन गेलं, पण चाळीस पाट आणि लिहून देण्याची अट दोन्ही कायम. मी म्हटलं, पाट करून देतो, हवे तेवढे. तुमच्याकडच्या लोकांचेही गुडघे माझ्या आबांसारखेच असतील. पण लिहून देणार नाही. वाडीपलीकडच्या दोन वाड्यांनी पाट मागितलेत, त्यांना नाही म्हणू शकत नाही. त्या म्हणाल्या, मग जमणार नाही. मी म्हटलं, बरं.

फोन ठेवल्यावर वाईट वाटलं का? थोडं वाटलं. त्यांच्या रहिवाशांसाठी वाटलं. आणि छताकडे नजर गेली, हेही खोटं सांगत नाही.

आता माझा शब्द. उद्या सकाळी शटर उघडल्यावर पहिलं काम, सहाही पाटांना डावीकडे भोक पाडतो. उजवीकडचंही ठेवतो, तेवढा माझा मान राहू द्या. दर आवणीला आपल्या घराचा हात वाडीवर जाईल, जोवर वाकता येतंय तोवर वाकून. नंतर तुमच्या पाटावर बसून.

आणि रक्कम. कुणी बैल मागितला, जमीन मागितली, तर तुम्ही विकणार नसलात तरी आधी विचारायचात, "कितीला?" भाव पूर्ण ऐकून घ्यायचात, तंबाखू मळायचात आणि मग नाही म्हणायचात. तर ऐका, आबा. चार लाख ऐंशी हजार, अर्धे आगाऊ. नाही म्हणालो.

तुमचा,
दत्ता